'फेज आउट', 'फेज डाउन' आणि आपली सहाय्यक क्रियापदे

प्रश्न असा आहे: हवामान परिषदांच्या बातम्यांत 'फेज आउट' (हळूहळू पूर्ण बंद करणे) आणि 'फेज डाउन' (बंद न करता हळूहळू कमी करणे) या दोन्हींसाठी 'टप्प्याटप्प्याने बंद करणे' असेच वाचायला मिळते. ते बरोबर आहे का? नसेल तर काय लिहावे? आणि दुबईच्या ठरावातले 'ट्रान्झिशनिंग अवे' मराठीत कसे म्हणावे?

बरोबर नाही, आणि ही चूक लहानही नाही. १३ नोव्हेंबर २०२१ला ग्लासगोची हवामान परिषद अगदी शेवटच्या घटकेला याच दोन शब्दांवर अडली होती. कोळशावरच्या विजेसाठी मसुद्यात 'फेज आउट' होते. भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी तिथे 'फेज डाउन' सुचवले आणि तसा बदल झाला. स्वित्झर्लंडने नाराजी बोलून दाखवली. मार्शल बेटांच्या प्रतिनिधी टीना स्टेगे यांनी अत्यंत नाइलाजाने होकार दिला, कारण त्याच ठरावातल्या इतर तरतुदींची त्यांच्या लोकांना नितांत गरज होती. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा सभागृहाची माफी मागताना गहिवरले. इतके सगळे ज्या बदलावरून झाले, तो मराठीत येताना पुसला जात असेल तर वाचकाच्या हाती बातमीच पडत नाही. शिवाय त्याच कलमात, इंधनांवरच्या अकार्यक्षम अनुदानांसाठी, 'फेज आउट' तसेच राहिले. म्हणजे एकाच वाक्यात दोन्ही शब्द आहेत. दोन्हींना एकच प्रतिशब्द वापरला तर ते वाक्य मराठीत आणताच येणार नाही.

भारताचा आक्षेप मला निराधार वाटत नाही. एकट्या कोळशावर बोट ठेवायचे आणि तेल व वायूला हात लावायचा नाही, यात कोळशावर वीज करणाऱ्या देशांवर अन्याय होतोच. पुढच्या वर्षी इजिप्तमध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत भारताने सगळ्याच खनिज इंधनांचा वापर कमी करत जाण्याचा मुद्दा मांडला; तो ठरावात आला नाही. (काहीजण 'जीवाश्म इंधन' लिहितात. तो शब्द अर्थाला जास्त नेमका आहे, पण 'खनिज इंधन' सर्वांच्या ओळखीचे आहे, म्हणून मी तेच वापरतो.)

हे दोन्ही शब्द ग्लासगोत जन्मले नाहीत. पर्यावरणाच्या करारांत ते ओझोनच्या निमित्ताने रुळले. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या सीएफसी वायूंबद्दल १९८७ साली माँट्रियलला करार झाला, तेव्हा उद्दिष्ट निम्म्या कपातीचेच होते. तीनच वर्षांनी, १९९०मध्ये, लंडनला ते पूर्ण बंदीवर गेले: श्रीमंत देशांना २०००पर्यंत, विकसनशील देशांना २०१०पर्यंत. हे झाले 'फेज आउट'. पुढे शीतकरणात आलेले एचएफसी वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता मात्र प्रचंड अडवतात. त्यांच्यासाठी २०१६मध्ये रवांडाच्या किगाली शहरात दुरुस्ती झाली ती 'फेज डाउन'ची. भारत ज्या देशांच्या गटात आहे त्या गटाने २०२८ला वापर गोठवायचा आणि २०४७पर्यंत तो ८५ टक्क्यांनी खाली आणायचा. शून्य करायचा नाही.

इथे 'टप्प्याटप्प्याने' अगदी चपखल बसते. टप्पा म्हटला की तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरलेले असते. एसटीच्या तिकिटाचा टप्पा तसा असतो. किगालीत सालवार आकडे आहेत, म्हणून टप्पे आहेत. ग्लासगोच्या कलमात कोळशासाठी एकही साल नाही, 'प्रयत्नांना वेग द्यावा' एवढेच आवाहन आहे. जे टप्पे ठरावात नाहीत ते मराठी भाषांतराने पदरचे का घालावेत? मी तिथे 'टप्प्याटप्प्याने' हा शब्दच टाळतो.

मग लिहायचे काय? 'क्रमशः समाप्ती' आणि 'क्रमशः घट' अशी जोडी सुचवली जाते. अर्थ बरोबर आहे, पण असे कुणी बोलत नाही आणि ऐकणाऱ्याच्या मनात काही उमटत नाही. नवे शब्द पाडण्याआधी आपल्या सहाय्यक क्रियापदांकडे पाहावे. 'विहीर खणत आणली' म्हटले की काम संपायला आले हे कळते. 'खणत गेलो' म्हटले की शेवट कुठे हे सांगितलेलेच नसते. 'आणणे' मुक्काम दाखवते, 'जाणे' फक्त दिशा. म्हणून 'फेज आउट' म्हणजे 'बंद करत आणणे' आणि 'फेज डाउन' म्हणजे 'कमी करत जाणे'. मथळ्यात जागा नसेल तर 'कोळसा बंद नव्हे, कमी' एवढे पुरते. चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीजकेंद्रात कामाला असलेल्या माणसाच्या घरी 'बंद' आणि 'कमी' या दोन शब्दांचे अर्थ फार वेगळे होतात, हे मथळा देणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आता दुबई. १३ डिसेंबर २०२३च्या ठरावात केवळ अनुदानांचा नव्हे तर सर्व खनिज इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख पहिल्यांदा आला, पण ना 'आउट' ना 'डाउन'. 'ऊर्जाव्यवस्थांमध्ये खनिज इंधनांपासून ट्रान्झिशनिंग अवे' असा मधला मार्ग निघाला. 'संक्रमण' लिहिले तर कुठून कुठे ते कळत नाही. 'फारकत घेणे' फार ठाम आहे, तर 'काढता पाय घेणे' यात गुपचूप सटकण्याची छटा आहे. मला 'सोडत जाणे' योग्य वाटते: सोडायचे हे नक्की, कधीपर्यंत ते मोघम. छोट्या बेटांच्या गटातर्फे सामोआच्या ॲन रासमुसेन यांची तक्रार अशा मोघमपणाबद्दलच होती. ठराव मंजूर झाल्याचा हातोडा पडला तेव्हा या बेटांचे प्रतिनिधी सभागृहात पोचलेही नव्हते. नंतर बोलताना रासमुसेन यांनी सांगितले, की जी दिशा बदलायला हवी होती ती या ठरावाने बदललेली नाही, आणि सभागृहाने उभे राहून त्यांना टाळ्या दिल्या.

ग्लासगोच्या कलमातला 'अनअबेटेड' हा शब्दही मराठी बातम्यांत गाळू नये, कारण पळवाट तिथेच आहे. निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून साठवण्याची सोय नसलेला कोळसा, असा त्याचा रोख आहे. ते कलम मी थोडक्यात असे लिहीन: 'कार्बन पकडण्याची सोय नसलेल्या कोळशावरची वीज कमी करत जाण्याच्या आणि खनिज इंधनांवरची अकार्यक्षम अनुदाने बंद करत आणण्याच्या प्रयत्नांना वेग द्यावा.'