रिपोर्ट नॉर्मल, मग पोट का बिघडतं?

"ताई, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. मग मी काय नाटक करते?"

गुहागरहून चिपळूणला रोज एसटीने कामाला जाणाऱ्या एक बाई हे विचारत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, सगळं झालेलं. डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोट वारंवार दुखणं-बिघडणं) सांगून माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं. सासूबाईंचं म्हणणं, "मनावर घेते, म्हणून होतं."

नाटक मुळीच नव्हतं. आयबीएसमध्ये आतड्याला जखम किंवा गाठ नसते, म्हणून तपासणीत काही सापडत नाही. बिघडते ती आतड्याची हालचाल आणि मेंदूशी असलेला त्याचा ताळमेळ. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशी असतात. ताण वाढला की आतडी आवळतात, आणि एरवी कळलाही नसता असा गॅस कळ होऊन उठतो. ती कळ खरीच असते.

मात्र शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, अंगातलं रक्त कमी होणं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर समुपदेशन नंतर, आधी डॉक्टर.

बाई पहाटे पुन्हा पुन्हा संडासला जायच्या आणि उपाशीच गाडीत बसायच्या. पर्समध्ये जादा परकर. वाटेत शौचालय कुठे आहे, ते तोंडपाठ. दुपारी मग भुकेपोटी वडापाव आणि चहा. मला वाटतं, पोटापेक्षा या पहाऱ्यानेच त्या जास्त थकल्या होत्या.

खाणं, झोप, ताण आणि पोट यांची नोंद ठेवायला लावली. रविवारी कळ जवळजवळ नसायचीच. फणसाच्या दिवसांत पोट फुगायचं, कुळथाची पिठी मात्र सोसायची. सकाळी थोडी मऊ पेज आणि गाडीत बसल्यावर पोटातून सावकाश श्वास, एवढ्यावर सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी आधी नुसतं वाटेतल्या शृंगारतळीपर्यंत एसटीने जाऊन यायचं, जमलं की त्यापुढचं मार्गताम्हाने, मग चिपळूण. परीक्षा नाही, घाई नाही. मध्येच उतरावंसं वाटलं तर उतरायचं.

पोट अजूनही कधी कधी बिघडतं, पण त्यासाठी रजा पडत नाही. सासूबाईंनाही एकदा बोलावलं. "मनावर घेऊ नको" म्हणण्यापेक्षा सकाळचं एखादं काम उचला, असं सांगितलं. मुलांचे डबे आता त्याच भरतात.