गाडीचं बूड फिरतंय? आधी पाय बघ

सुट्टी लागली की ह्या सदराला पत्रं वाढतात हे दरवर्षीचंच, पण ह्या वेळी निम्मी पत्रं कार गेममधल्या एकट्या ब्रेकवर आलीत. म्हणून ग्राफिक्स कार्डवाल्यांनो, पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

दादा, पीएस फाइव्ह चुलतभावाचं आहे, शनिवारी रात्रीच मिळतं. ग्रान टुरिस्मो ७ मध्ये मॉन्झा ट्रॅकच्या सरळ रस्त्यावरनं पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) ब्रेक मारला की माझी मिड इंजिन गाडी गर्रकन फिरते. यूट्यूबवर एकानं ब्रेक बॅलन्स उणे ५ ठेवा म्हटलं, ठेवला, तर आता वळतच नाही, नाक सरळ गवतात. चुलतभाऊ हसतोय. नेमका आकडा सांगा. (विश्रामबाग, सांगली)

नेमका आकडा माझ्याकडं नाही रे भावा, आणि त्या यूट्यूबवाल्याकडं पण नव्हता, तो आकडा त्याच्या गाडीचा, त्याच्या टायरचा आणि त्याच्या पायाचा. ब्रेक बॅलन्स म्हणजे ब्रेकचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटायचा ते. ह्या गेममध्ये उणे म्हणजे जोर पुढच्या ब्रेकला आणि अधिक म्हणजे मागच्या, उणे ५ पासून अधिक ५ पर्यंत. म्हणजे तू एकदम भिंतीला नेऊन टेकवलास.

आता हे असं का होतं ते मोटरसायकलवर बघ. पुढचा ब्रेक करकचून दाबला की शॉकप बसतात, मागं बसलेला तुझ्या पाठीवर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. गाडीचं पण तेच. समज गाडी १२०० किलोची, वजन पुढं मागं सारखं म्हणजे ६००-६००, दोन्ही आसांमधलं अंतर अडीच मीटर, आणि वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर. आता १ जी एवढा, म्हणजे गाडीच्या वजनाएवढा जोर लागेल असा कडक ब्रेक मारला तर १२०० गुणिले अर्धा भागिले अडीच, म्हणजे २४० किलो मागनं उठून पुढं जातात. पुढं झाले ८४०, मागं राहिले ३६०. मग ब्रेकचा जोर पण ७० टक्के पुढं आणि ३० टक्के मागं असला तरच चारही चाकं सारखी राबतात. मागं जास्त दिलास तर त्या ३६० किलोवाल्या चाकांना तो झेपत नाही, ती लॉक होतात, आणि लॉक झालेल्या चाकाला आडवी पकड राहत नाही, म्हणून बूड पुढं यायला बघतं.

तुझी गाडी मिड इंजिन, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं, म्हणजे उभी असतानाच वजन मागं जास्त. ५८ टक्के मागं धर, पुढं ५०४ किलो. त्यात ते २४० घाल, ७४४ झाले, म्हणजे ६२ टक्के. बघ, तेवढ्याच वजनाची गाडी, तोच ब्रेक, तरी उत्तर ७० वरनं ६२ वर आलं. दुसऱ्याचा आकडा उचलून चालत नाही तो ह्याच्यामुळं.

आणि उणे ५ ला नाक सरळ का गेलं, तर पुढच्या टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार, सगळा किराण्यात घातला तर हप्त्याला काही उरत नाही. पुढच्या टायरनं सगळी पकड ब्रेकला खर्च केली, वळायला शिल्लकच नव्हती. एबीएस चालू असला तरी हे होतंच, एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, पकड कुठनं आणून देत नाही.

पण खरं सांगू का, मला संशय बॅलन्सच्या स्लायडरचा नाही, तुझ्या पायाचा आणि बोटाचा आहे. तू ब्रेक दाबतोस, त्याच वेळी स्टिअरिंग वळवतोस आणि सहाव्यातनं टकाटका दुसऱ्यावर येतोस, बरोबर? गिअर लवकर पाडला की इंजिन मागच्या चाकांना धरून ठेवतं, म्हणजे ब्रेक बॅलन्स पुढं असला तरी मागं एक चोरटा ब्रेक लागलेलाच असतो. मी स्वतः दोन आठवडे बॅलन्स फिरवत बसलो होतो, सेव्ह केलेल्या सेटिंगची अशी लाइन लागली होती की कुठली कशाची ते मलाच कळेना, आणि शेवटी रीप्लेमध्ये दिसलं की गाडी फिरते ती बरोबर तिसऱ्यातनं दुसरा टाकताना. बॅलन्सचा काही संबंधच नव्हता. तेव्हापासनं एकेक गिअर, इंजिनचा आवाज खाली आला की मगच पुढचा.

तर शनिवारी असं कर. बॅलन्स शून्यावर आण. पहिल्या तीन लॅप फक्त हेच बघ की ब्रेक सरळ रेषेत लागतोय का, आणि वळायला सुरुवात केलीस की ब्रेकचा ट्रिगर हळूहळू सोडतोयस का, खटकन नको. तरी फिरली तर उणे १, परत तोच कोपरा. मग उणे २. एका वेळी एकच घर आणि मध्ये सस्पेन्शनला हात लावायचा नाही, नाहीतर कशानं काय झालं ते ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. नाक परत सरळ जायला लागलं की एक घर मागं घे. पण लांब रेसमध्ये मागचे टायर झिजतात, टाकीतलं पेट्रोल कमी होतं, मग पहिल्या लॅपचा आकडा दहाव्याला चालेलच असं नाही, म्हणून तर तो चालत्या गाडीत बदलायची सोय दिलीय. एफ वनवाले तर एकाच लॅपमध्ये कोपऱ्या-कोपऱ्याला बदलतात. साध्या रोडकारला मेनूत हा पर्याय दिसला नाही तर दुकानातनं ब्रेक बॅलन्स कंट्रोलर घेऊन बसवावा लागतो.

पावसात बॅलन्स पुढं घ्यायचा की मागं? आमच्या ग्रुपमध्ये यावरनं भांडणं झाली. (गोडोली, सातारा)

भांडणात दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर आहे, पण हिशोब मागं म्हणतो. वरचीच ६००-६०० वाली गाडी घे. ओल्या रस्त्यावर पकडच कमी, १ जी सोड, अर्धा मिळाला तरी खूप. मग २४० च्या जागी १२० किलोच पुढं सरकणार, पुढं ७२०, मागं ४८०, म्हणजे ६०-४०. कोरड्यातलं ७०-३० तसंच ठेवलं तर पुढची चाकं आधी लॉक होणार आणि मागची फुकट बसून राहणार. म्हणून एक-दोन घरं मागं.

तरी पण पहिली लॅप कोरड्याच्याच सेटिंगवर काढा. पुढचं चाक लॉक झालं तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की सावरते. मागचं लॉक झालं तर सावरायला वेळच मिळत नाही. मी एकदा यवतेश्वर घाटात भुरभुर पावसात नुसता मागचा ब्रेक दाबून मोटरसायकलचं शेपूट रस्त्याच्या कडेपर्यंत फिरवलंय, खालचा सातारा एकदम नको तेवढा स्वच्छ दिसला होता. गेममध्ये निदान रीस्टार्टचं बटण असतं.

फोर्झा ह्या कार गेममध्ये ब्रेक बॅलन्सचा स्लायडर उलटा आहे असं मित्र म्हणतो. खरं का? (कराड)

फोर्झाच्या गेमबद्दल ही तक्रार लोक लई दिवस करत आलेत, आणि अपडेटनंतर काय बदललं ह्याच्यावर वाद घालण्यापेक्षा दोन मिनिटांत स्वतः बघ. आधी गाडीला रेस ब्रेक बसव, बहुतेक गाड्यांत त्याशिवाय तो स्लायडर हलतच नाही. एबीएस बंद कर. मोकळा सरळ रस्ता धर, स्लायडर एका टोकाला ने, दीडशेच्या वेगाला स्टिअरिंग सरळ ठेवून ब्रेक पूर्ण दाब. मग रीप्ले बाहेरच्या कॅमेऱ्यातनं सावकाश बघ, आधी कुठलं चाक फिरायचं थांबलं? पुढचं थांबलं तर जोर पुढं आहे, पट्टीवर काहीही लिहिलेलं असू दे. दुसऱ्या टोकाला परत एकदा. आणि त्याच्या शेजारी ब्रेक प्रेशरची पट्टी आहे ती वेगळी, ती एकूण जोर कमी-जास्त करते, वाटणी नाही. निम्मे लोक ह्या दोन्हीत घोळ घालतात.

मोबाईलवरच्या कार गेममध्ये हे सेटिंग कुठं असतं? (कोरेगाव)

बहुतेक गेममध्ये नसतंच मित्रा. तिथं ब्रेक म्हणजे एक बटण, दाबलं किंवा सोडलं. शोधण्यात नेट घालवू नकोस.

माझ्या मुलानं जुनं जी ट्वेंटीनाइन स्टिअरिंग आणि पेडल घेतलंय. ब्रेक मारला की पेडल फरशीवरनं पुढं पळतं आणि खुर्ची मागं. खालच्या मजल्यावरचे ओरडतात. तो म्हणतो ब्रेक बॅलन्स मागं केला की पाय कमी दाबावा लागेल. खरं आहे का? (तासगावहून एक आई)

ताई, तो तुम्हाला गुंडाळतोय, किंवा स्वतःच गुंडाळला गेलाय. बॅलन्स म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतली वाटणी, पेडल किती कडक लागतं ते त्यानं बदलत नाही. त्या पेडलच्या आत ब्रेकला कडकपणा यावा म्हणून रबराचा ठोकळा घातलेला असतो, त्यामुळं तो जोर लावतो ते साहजिक आहे. आणि पेडल पळतं म्हणून त्याचा पाय कधी कमी कधी जास्त पडत असणार, मग गाडी फिरली की बिचारा सेटिंग बदलत बसणार.

पेडल भिंतीला टेकवून ठेवायला सांगा, मध्ये जुनी सतरंजी घडी करून घाला म्हणजे भिंतीचा रंग जाणार नाही. खुर्चीला चाकं असतील तर ती बदला, घरातली साधी चार पायांची चालते. ती पण सरकली तर खुर्चीचे पुढचे पाय आणि पेडलची फळी एकमेकांना दोरीनं बांधा, म्हणजे तो जेवढं ढकलेल तेवढं दोन्ही एकमेकांना धरून ठेवतील. आमच्याकडं गोठ्यातलं जुनं दावं बांधलंय. दोन वर्षं झाली, गाठ अजून सुटलेली नाही, फक्त आमची आई अधूनमधून विचारते की म्हशीचं दावं कुठं गेलं.