वन नेशन वन सबस्क्रिप्शनमुळे आता रिसर्च पेपर कुणालाही फुकट वाचता येतील का?

नाही, निदान तुम्हाला तरी नाही. तुम्ही कुठल्याच संस्थेत नाही, स्वतःच्या बळावर जमिनीच्या क्षारपणाचा अभ्यास करताय असं लिहिलंय, आणि ही योजना संस्थांसाठी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केले. त्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांना मिळतात.

मी सरकारी कॉलेजच्या लायब्ररीत आहे, त्यामुळे फायदा डोळ्यांसमोर आहे. पूर्वी एमएस्सीची मुलं नुसत्या ॲबस्ट्रॅक्टवर (पेपरच्या गोषवाऱ्यावर) सेमिनार मारून न्यायची, नाहीतर आयआयटीतल्या कुणाच्या तरी मागे पीडीएफसाठी लागायची. आता कॉलेजच्या लॉगिनने पेपर उघडतो. पण याला ओपन ॲक्सेस, म्हणजे पेपर सर्वांना फुकट खुला असणं, म्हणत नाहीत. सरकारने सगळ्यांची वर्गणी एकगठ्ठा भरली, इतकंच. २०२७ नंतर करार वाढला नाही तर आम्हीही तुमच्याच रांगेत.

खरं ओपन ॲक्सेसचं धोरण संशोधनाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) आणि डीएसटी (विज्ञान व तंत्रज्ञान विभाग) यांनी डिसेंबर २०१४ मध्येच आणलं होतं. त्यांचं म्हणणं: आमच्या पैशातून झालेल्या कामाचा पेपर जर्नलने स्वीकारला की त्याची अंतिम प्रत रिपॉझिटरीत (ऑनलाइन संग्रहात) टाका आणि, प्रकाशकाची अट असेल तर काही महिने थांबून, सर्वांना खुली करा. कागदावर झकास. पण प्रत टाकली नाही म्हणून कुणाचं अनुदान अडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. (अनुदानाच्या खर्चाचा हिशेब देणाऱ्या युटिलायझेशन सर्टिफिकेटात एक आकडा चुकू द्या, मग बघा फाईल कशी परत येते!) अमेरिकेत एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) आपल्या पैशातून झालेले, १ जुलै २०२५ पासून स्वीकारलेले पेपर छापून येतील त्याच दिवशी पबमेड सेंट्रल या मोफत ऑनलाइन संग्रहावर खुले हवेत, असा नियम केलाय. आपल्याकडे ६,००० कोटी मोजताना सोबत इतकी तरी अट घट्ट करायला हवी होती, असं माझं मत.

तुमच्या विषयात मात्र सोय बरी आहे. आयसीएआरचं (भारतीय कृषी अनुसंधान परिषद) इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेस फुकट वाचता येतं. राहुरी, परभणी, अकोला, दापोलीच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोश या ऑनलाइन संग्रहावर शोधा. क्षारपड जमिनीवरचं स्थानिक काम तिथे परदेशी जर्नलपेक्षा जास्त सापडेल. ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेंशन टाकून ठेवा, पेपरची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. आणि काहीच नाही मिळालं तर ॲबस्ट्रॅक्टखाली करस्पॉन्डिंग ऑथरचा (पत्रव्यवहार बघणाऱ्या लेखकाचा) ईमेल असतो, त्यावर दोन ओळी लिहा. बरेच जण पाठवतात. आपला पेपर कुणाला तरी वाचायचाय याचंच त्यांना अप्रूप असतं.