तैवानची माणसं चिनीच ना? मग स्वतःला वेगळी का म्हणवतात?

तुमचा प्रश्न असा आहे: तैवान हे चीनचंच एक बेट, माणसं चिनीच, मग वेगळेपणाचा एवढा आग्रह कशाला? आणि डिसेंबरात आठ दिवस जायचं तर काय बघावं? दुसऱ्या भागाचं उत्तर शेवटी देते. पहिल्यावरून माझं आणि माझ्या सोलापूरच्या मामांचं गेली दहा वर्षं वाजतंय, त्यामुळे ते चार ओळींत आटोपणार नाही.

मी रत्नागिरीची. मत्स्यविज्ञानात पीएचडी करायला कीलुंगला गेले आणि २०१२ ते २०१७ तिथेच होते. कीलुंग हे बेटाच्या उत्तर टोकाचं बंदर. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे आत शिरलेलं खोल पाणी, आणि उतारावर एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी घरं. आपल्याकडे पाऊस मिरगाला येतो आणि दसऱ्याला जातो. तिथे तो दिवाळीनंतर खरा लागतो आणि शिमग्यापर्यंत हटत नाही, कारण हिवाळ्यात ईशान्येचा वारा समुद्रावरून ओल उचलून थेट त्या डोंगरांवर येऊन आदळतो. कपडे आठवडाभर दमट राहतात.

ज्या घरात मी खोली घेतली होती तिथे पन्नाशीच्या मालकीणबाई आणि त्यांची आई, दोघीच. आईला सगळे 'आमा' म्हणायचे. ताइगी म्हणजे तैवानात बहुतेक घरांतून बोलली जाणारी, मँडरिनहून वेगळी भाषा; तिच्यात आमा म्हणजे आजी. आमाचा जन्म १९३४ चा. ती दर रविवारी खालच्या बेकरीतून पाव आणायची. पहिल्या खेपेला पिशवी माझ्यापुढे धरून म्हणाली, "फांग." मँडरिनमधला पावाचा शब्द मी शिकले होते, तो हा नव्हता. मालकीणबाईंनी सांगितलं, हा ताइगीतला शब्द, जपान्यांकडून आलेला, आणि जपान्यांना तो पोर्तुगीजांनी दिला. मी म्हटलं, आम्हालाही त्यांनीच दिला, आम्ही 'पाव' म्हणतो. आमा दोन-तीनदा "पाव, पाव" म्हणून बघत हसली आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

पण बोलणं व्हायचं नाही. मी वर्षभर घासून मँडरिन शिकले आणि आमाला तीच भाषा जेमतेम येत होती. चिनी बाईला चिनी येत नाही, हे मला कळेचना. खरं तर त्यात गूढ काहीच नव्हतं. घरात ताइगी. शाळेत जपानी, कारण १८९५ च्या शिमोनोसेकी तहात तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या चिंग दरबाराने बेट जपानला देऊन टाकलं होतं आणि पुढची ५० वर्षं तिथे जपानचंच राज्य होतं. मँडरिन तिच्या आयुष्यात आली ती १९४५ नंतर, ती अकरा वर्षांची असताना. भाजीचा हिशेब ती शेवटपर्यंत पुटपुटत करायची तो "इची, नी, सान" असा.

आता मूळ प्रसंग. दुसऱ्या वर्षी चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्री मला त्यांच्यासोबत जेवायला बसवलं. मला वाटलं, काहीतरी आपुलकीचं बोलावं. मामांनी लहानपणापासून डॉ. कोटणीसांची गोष्ट सांगितलेली, तीच मी सांगितली. माझ्या मामांच्या गावचे एक डॉक्टर १९३८ साली तुमच्या लोकांची सेवा करायला गेले, तिथेच १९४२ साली वारले, तेव्हा तुम्हा चिनी लोकांचं आणि आमचं नातं जुनं आहे. 'चिनी लोक' म्हणताना मी 'जोंगक्वो-रन' असा शब्द वापरला. मालकीणबाई ताइगीत सांगता सांगता थबकल्या. आमाने विचारलं, काय म्हणाली? त्यांनी सांगितलं. आमाने हातातल्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "मी नाही."

मग ती आत गेली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात खाली रेशमी कापड, वर एकच फोटो. शाळेची टोपी घातलेला मुलगा, टोपी किंचित तिरपी, कॉलरचं वरचं बटण तुटलेलं. तो आमाचा थोरला भाऊ, फोटोनंतर दोन वर्षांनी, १९४७ च्या मार्चमध्ये, घरातून बाहेर पडला तो परत आला नाही. एकोणीस वर्षांचा होता. आमाने बोट त्या तुटक्या बटणावर ठेवलं आणि म्हणाली, आईने शिवायला मागितलं होतं, याने सदरा काढून दिला नाही.

१९४७ चं प्रकरण आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. जपान हरल्यावर बेट चँग कै शेकच्या चिनी सरकारच्या ताब्यात गेलं. लोकांनी आधी स्वागतच केलं. पण वर्षभरात तांदूळ महाग झाला, नोकऱ्या बाहेरून आलेल्यांना गेल्या, लाचखोरी माजली. २७ फेब्रुवारीला तैपेईत चोरटी सिगारेट विकणाऱ्या एका विधवेला तंबाखू खात्याच्या माणसांनी मारहाण केली, जमावावर गोळी झाडली, एक माणूस मेला. २८ तारखेला सगळं बेट पेटलं. ८ मार्चपासून मुख्य भूमीवरून आलेलं सैन्य उतरायला लागलं, आणि ते उतरलं कीलुंगलाच. हातांतून तार ओवून माणसं बंदरात ढकलली गेल्याच्या साक्षी आहेत. १९९२ च्या सरकारी अहवालाने मृतांचा अंदाज १८,००० ते २८,००० असा दिला. मी रोज ज्या धक्क्यावरून प्रयोगशाळेत जायचे, ते तेच पाणी.

त्याहून भयंकर म्हणजे पुढची चुप्पी. १९४९ ला लष्करी कायदा आला तो १९८७ ला उठला, ३८ वर्षांनी. एवढी वर्षं आमाच्या घरात 'दादा जपानला शिकायला गेलाय' एवढंच सांगितलं जायचं. मालकीणबाईंना मामा होता आणि त्याचं असं झालं, हे त्यांच्या लग्नानंतर कळलं. शाळेत ताइगी बोलल्याबद्दल त्यांच्या गळ्यात पाटी अडकवली जायची आणि दंड व्हायचा. ती शिक्षा देणारं सरकार, म्हणजे १९४९ ला मुख्य भूमीवर कम्युनिस्टांकडून हरून बेटावर आलेलं चँगचं सरकार, स्वतःला चीनचं सरकार म्हणवत होतं. 'चिनी' हा शब्द त्या घरात असा आला होता, आणि तोच मी जेवणाच्या टेबलावर प्रेमाने वाढत होते.

कोटणीसांची गोष्टही उलटी पडली. डॉक्टर जखमी शिपायांवर उपचार करत होते ते जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये. त्याच युद्धात तैवानी पोरं जपानकडून होती, १९३७ पासून हमाल आणि दुभाषे म्हणून, १९४२ पासून शिपाई म्हणून. आमाचा एक काका त्यात होता. म्हणजे मामांच्या अभिमानाची गोष्ट आमाच्या घरासाठी पलीकडच्या बाजूची होती. कोटणीसांचं मोठेपण यात तसूभरही कमी होत नाही. त्या मोठेपणाचा आमाशी संबंध नव्हता, एवढंच.

मामा ऐकून घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, रक्त एक, लिपी एक, देव एक, मग वेगळेपण कसलं? मामा, तुम्ही हे वाचणार आहात म्हणून इथेच सांगते. घोळ आपल्या मराठी शब्दात आहे. आपल्याकडे 'चिनी' हा एकच शब्द. मँडरिनमध्ये दोन आहेत. 'ह्वा-रन' म्हणजे वंशाने, संस्कृतीने चिनी. सिंगापूरचा दुकानदारही ह्वा-रन. 'जोंगक्वो-रन' म्हणजे चीन या देशाचा माणूस. आमाला कुणी ह्वा-रन म्हटलं असतं तर तिने जेवण थांबवलं नसतं. मॉरिशसचे मराठी गणपती बसवतात, आडनावं जपतात. त्यांना आपण मराठी म्हणतो, पण तुम्ही भारताचे नागरिक, असं त्यांना सांगायला जात नाही. एवढा साधा फरक तुम्ही मॉरिशसला देता आणि तैवानला देत नाही.

शिवाय रक्त एक आहे हेही अर्धवटच. समोरच्या किनाऱ्यावरच्या फूच्येन या चिनी प्रांतातून शेतकरी मोठ्या संख्येने आले ते सतराव्या शतकात, आणि त्यातले बरेच डचांनी ऊस-भाताच्या शेतीसाठी आणलेले. हे डच म्हणजे वेंगुर्ल्याला वखार घालणारीच ती कंपनी. १६२४ ते १६६२ नैऋत्येच्या तैनान भागात त्यांचं राज्य होतं. उत्तरेला कीलुंगच्या बेटावर काही वर्षं स्पॅनिश होते. पोर्तुगीजांनी 'फोर्मोसा', म्हणजे सुंदर, हे नाव दिलं पण वसई-गोव्यासारखे ते तिथे राहिले नाहीत. डचांना हाकललं कोशिंगा या चिनी सेनापतीने, ज्याची आई जपानी होती. चिंग दरबाराने बेट घेतलं १६८३ ला आणि बराच काळ बायकामुलं घेऊन जायला बंदी ठेवली. मग एकट्या पुरुषांनी लग्नं केली ती मैदानातल्या मूळ रहिवाशांच्या मुलींशी. ताइगीत म्हणच आहे: तांगशानचे आजोबा आहेत, तांगशानची आजी नाही. तांगशान म्हणजे समुद्रापलीकडचा चीन.

आणि ज्यांच्या त्या मुली होत्या ते लोक अजून आहेत. सरकारमान्य १६ जमाती, लोकसंख्येच्या जेमतेम अडीच टक्के. मला ते भेटले ते मासळीच्या धक्क्यावर. नमुने घ्यायला पहाटे जायचे तिथे एक आमिस जमातीचा तांडेल होता, आणि त्याच्या बोटीवर तीन इंडोनेशियन खलाशी. एकदा बांगड्याच्या जातीच्या मासळीच्या पेट्या उतरवताना तांडेल त्याच्या भाषेत मोजत होता: "सपत, लिमा, अनम." खालून खलाशी त्यांच्या भाषेत: "अंपत, लिमा, अनम." चार, पाच, सहा. दोघांपैकी कुणी दुसऱ्याची भाषा शिकलेला नव्हता. फिलिपिन्सपासून मादागास्कर आणि न्यूझीलंडच्या माओरींपर्यंत पसरलेल्या भाषांचं हे कुळ तैवानातूनच हजारो वर्षांपूर्वी निघालं, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या तांडेलाला कोणत्या हिशेबाने चिनी म्हणायचं?

त्याच जमातीच्या एका माणसाची हकीकत सांगते. हा जपानी फौजेतला शिपाई, इंडोनेशियातल्या मोरोताई बेटाच्या जंगलात युद्ध संपल्याचं न कळता राहिला आणि १९७४ च्या डिसेंबरात सापडला. जपानी नाव नाकामुरा तेरुओ, जन्माचं आमिस नाव आत्तुन पालालिन. घरी परतला तर सरकारदप्तरी तोवर ली क्वांग-हुइ असं चिनी नाव लागलेलं. चार वर्षांनी, १९७९ ला तो गेला. एका माणसाची तीन नावं, आणि त्यातली दोन त्याला न विचारता.

आता काही गोष्टी कबूल करायला हव्यात. आमा म्हणजे सगळं तैवान नव्हे. माझ्या मार्गदर्शकांचे वडील चीनच्या शानतुंग प्रांतातले, १९४९ ला अठराव्या वर्षी फौजेबरोबर बेटावर आले. घरी जायची परवानगी १९८७ च्या अखेरीस मिळाली, तोवर त्यांची आई वारली होती. ते स्वतःला मरेपर्यंत जोंगक्वो-रन म्हणवत आणि त्यांचं दुःख आमाच्या दुःखाहून हलकं नव्हतं. तैवानच्या पासपोर्टावर 'चीनचं प्रजासत्ताक' हे नाव आजही आहे. बीजिंगचं सरकार बेटावर हक्क सांगतं, आणि भारताचाही तिथे दूतावास नाही, इंडिया-ताइपे असोसिएशन नावाचं कार्यालय आहे. जपानी काळ आमाला गोड आठवायचा, ते मला पटत नाही; १९३० साली वूश या गावी सेदिक जमातीने जपान्यांविरुद्ध उठाव केला तो काही सुखाने नव्हे. पण वारा कुठे वाहतोय तेही बघा. चेंगची विद्यापीठ दरवर्षी पाहणी करतं. १९९२ ला स्वतःला फक्त तैवानी म्हणवणारा पाचात एकही नव्हता, आता दहातले सहा म्हणवतात. मामा म्हणतात ही अमेरिकेची फूस. आमाने अमेरिका नकाशावरसुद्धा दाखवली नसती.

तर, डिसेंबर. बेट महाराष्ट्राच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढंच आहे, पण कणा उंच, यूशान ३,९५२ मीटर. त्यामुळे एकाच दिवशी उत्तरेला पाऊस आणि दक्षिणेला कडक ऊन असतं. आठ दिवसांतले निदान चार तैनान आणि च्यायीकडे द्या, तिथे डिसेंबर कोरडा. तैनानला डचांच्या किल्ल्याच्या विटा बघा. पश्चिम किनाऱ्याने वेगवान रेल्वे उत्तर-दक्षिण दोन तासांच्या आसपास नेते. तारोकोची दरी एप्रिल २०२४ च्या भूकंपात फार खचली, काय उघडलंय ते निघण्याआधी विचारून घ्या. शाकाहारी असाल तर दुकानावर स्वस्तिकासारखं चिन्ह शोधा, ते बौद्ध शाकाहाराचं आहे. तैपेईत २८ फेब्रुवारीचं संग्रहालय आहे, तिथे अर्धा दिवस ठेवा.

आणि एक संध्याकाळ कीलुंगला जा, देवळाजवळच्या रात्रीच्या बाजारात जेवा. छत्री तिथेच विकत घ्या, आपली त्या वाऱ्यात उलटते.