मल्टी स्किल विषय मिळाला, एक खोली आणि 40 मुलं आहेत. सुरुवात कुठून करायची?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की खेड्यातल्या हायस्कूलला नववीपासून मल्टी स्किल (हाताने काम करत अनेक कौशल्यं शिकवणारा विषय) मंजूर झाला, एक रिकामी खोली आहे, मुलं 40 आणि यंत्रांची यादी हवी आहे. यादीकडे येतोच, पण आधी वेळापत्रकाला हात घाला. माझ्या मते हा विषय यंत्रांवाचून सहसा बंद पडत नाही, 35 मिनिटांच्या तासिकेने पडतो. हत्यारं काढायला 5 मिनिटं, मोजून परत ठेवायला आणि झाडलोटीला 10. राहिलेल्या 20 मिनिटांत मुलांनी सिमेंट-वाळूचा माल कालवला तर तो लावायला वेळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी घमेल्यात दगड सापडतो. ज्या अभ्यासक्रमावरून हा विषय आला तो पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो आश्रम 1983 मध्ये सुरू केला, आणि तिथल्या पद्धतीत शाळेने आठवड्याचा एक अख्खा दिवस हाताच्या कामाला द्यायचा असतो. अख्खा दिवस मुख्याध्यापक देत नसतील तर सलग 3 तासिका मागून घ्या, शेवटची मधल्या सुट्टीला लागून. काम रेंगाळलं तर सुट्टीतली 10 मिनिटं कामी येतात.

40 मुलांचे 10-10 चे चार गट करा: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. निदेशक (प्रात्यक्षिक शिकवणारा) एकच असेल तर एका वेळी विजेचं किंवा धारेचं काम एकाच गटाचं चालू ठेवा आणि निदेशकाने तिथून हलू नये. बाकीच्या तीन गटांना मोजमाप, रोपवाटिका, नोंदी अशी कामं द्या.

आता हत्यारं. मुलं जोडीने काम करतात, म्हणून 10 जणांच्या गटाला 5 संच पुरतात: 4 इंची व्हाइस (लोखंड धरायचा शिकंजा) 5, हॅकसॉ 5, कानशी (चपटी आणि अर्धगोल), गुण्या, मीटर टेप, सेंटर पंच, हातोडी. बांधकामासाठी थापी, ओळंबा, रंधा, घमेली आणि पाणपातळी काढायची पारदर्शक नळी. हॅकसॉचं पातं इंचाला 24 दात्यांचं घ्या. पट्टीच्या जाडीवर एका वेळी दोन-तीन दाते टेकायला हवेत. 3 मिमी अँगलवर 24 चं पातं जवळजवळ तीन दाते टेकवतं, 18 चं जेमतेम दोन, मग दाते अडकून तुटतात आणि मुलगा घाबरतो. दात्यांची टोकं पुढच्या बाजूला हवीत, निम्मी पाती उलटी बसवलेली सापडतील. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला असावा, बुटक्या मुलांना पायाखाली लाकडी पाट द्या. भिंतीवर प्लायवूडचा फळा लावून प्रत्येक हत्याराची आकृती रंगवा. रिकामी आकृती दिसली की पाना हरवलाय हे तास सुटायच्या आधी कळतं. अँगल ग्राइंडर घ्या, पण नववीच्या हातात देऊ नका. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो.

पहिलं काम कोणतं द्यायचं? शोभेचं काही नको, शाळेला लागणारं द्या. माझी पसंती पाण्याच्या माठाच्या स्टँडला. 25×25×3 मिमीचा अँगल, वरची चौकट 45 सेंमी, उंची 60, खाली आडव्या पट्ट्या 45 च्या. हिशोब करायला लावा: वर 1.8 मीटर, पाय 2.4, खाली 1.8, एकूण बरोबर 6 मीटर. बाजारात लेंथ 6 मीटरचीच मिळते, म्हणून मुलं खूश होतात. कापायला बसल्यावर शेवटचा तुकडा दीड-दोन सेंमी कमी भरतो, कारण प्रत्येक कापात पातं दीड मिमी लोखंड खातं आणि कापही थोडे तिरके जातात. हे आधी सांगू नका, एक लेंथ तशी जाऊ द्या. पुढच्या वेळी मुलं स्वतःच 44 सेंमी धरतात. (गणिताचे शिक्षक या दिवशी तिथे असले तर त्यांनाही आवडेल.)

चौकट जोडताना आधी चारही कोपऱ्यांत नुसते टाके मारा, दोन्ही कर्ण मोजा, फरक 2 मिमीच्या आत आला की पक्कं वेल्डिंग करा, तेही समोरासमोरचे कोपरे घेऊन. सलग एका बाजूने वेल्ड मारत गेलात तर चौकट ओढली जाते आणि स्टँड तीन पायांवर उभा राहतो. या अँगलला 2.5 मिमीचा रॉड आणि 70 ते 80 अँपिअर पुरे. करंट कमी असेल तर रॉड चिकटतो आणि धातू वरच मणी धरून बसतो, जास्त असेल तर भोक पडतं. दमट रॉडने शिंतोडे उडतात आणि वेल्डमध्ये पोकळ्या राहतात, म्हणून पावसाळ्यात पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वेल्डिंग खोलीत नको, बाहेर पत्र्याच्या शेडखाली, बाजूला पडदा लावून. मुखवट्याची काच 10 किंवा 11 नंबरची. उघड्या डोळ्याने आर्क (वेल्डिंगचा लखलखाट) पाहिलेल्या मुलाला तेव्हा काहीच वाटत नाही, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. गॅल्व्हनाइज्ड पाइपचे तुकडे फुकट मिळाले तरी वेल्डिंगला घेऊ नका, जस्ताच्या धुराने ताप येतो.

वीज जोडणी वेगळ्या सर्किटवर घ्या, 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि अर्थिंग मोजून घ्या, 5 ओहमच्या आत हवं. हे काम निदेशकाकडून नको, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मुलांसाठी 2 बाय 2 फुटी प्लायवर सिरीज बोर्ड, मग एक दिवा एक स्विच, मग जिन्याची जोडणी (एक दिवा, दोन स्विच). तपासताना दोन चुका नक्की सापडतात: स्विच न्यूट्रलवर घेतलेला आणि स्क्रूखालून तांब्याच्या तारा बाहेर आलेल्या. एक्स्टेन्शन बोर्ड करून गावात विकायची कल्पना सगळ्यांना सुचते, चांगली आहे, पण तीन तारांची केबलच घ्या. दोन तारांची घेतली तर सॉकेटचं अर्थचं भोक नुसतं दाखवायला उरतं, आणि त्यात कोणीतरी इस्त्री लावणारच.

शेती-पशुपालनात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगलं प्रात्यक्षिक म्हणजे टेपने जनावराचं वजन काढणं. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या आणि खांद्याच्या सांध्यापासून मागच्या बसण्याच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, उत्तर किलोत. घेर 60, लांबी 50 असेल तर सुमारे 273 किलो. त्याच्या अडीच टक्के कोरडा चारा धरला तर 6.8 किलो. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, म्हणजे नुसत्या हिरव्यावर भागवायचं तर 27 किलोच्या वर लागेल. घरी किती घालतात हे मुलांना तोंडपाठ असतं, तुलना ती स्वतःच करतात. जनावर उताराला उभं असेल किंवा नुकतंच पाणी प्यालेलं असेल तर माप चुकतं.

शोषखड्डा 1 मीटर घनाचा, खाली मोठे दगड, वर बारीक, तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं आणि त्यात नारळाच्या शेंड्या. भिंतीपासून 10 फूट लांब घ्या. मडक्यात तेल-खरकटं साचून खड्डा तुंबतो, म्हणून ते आठवड्याला साफ करायची पाळी लावा. काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही, तिथे हे काम निवडू नका. गृह-आरोग्यात रक्तगट आणि हिमोग्लोबिनची तपासणी आरोग्य केंद्राच्या सिस्टर हजर असतील आणि पालकांची लेखी संमती असेल तेव्हाच करा, सुई प्रत्येकाला नवी. चिक्की किंवा आवळा कँडी विकणार असाल तर आधी अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या.

प्रत्येक वस्तूचा खर्चाचा कागद मुलांनीच भरायचा. 25×3 अँगल मीटरला 1.1 किलो भरतो, म्हणजे 6 मीटरच्या लेंथला 6.6 किलो. त्यावर रॉड, पातं, रंग, वीज, मजुरी. रंग आणि रॉड हमखास विसरले जातात आणि कागदावर नफा दिसतो.

आणि अनुदान आलं की सगळं यंत्रांत घालू नका. यंत्रं डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढून कपाटात बसतात, डिसेंबरात मात्र सिमेंटची गोणी आणायला पैसे उरलेले नसतात. रॉड, पाती, सिमेंट, वायर, बियाणं यांची महिन्याची रक्कम वेगळी काढून ठेवा. निदेशक शक्यतो गावातलाच वेल्डर किंवा वायरमन बघा, बाहेरून येणारा मानधन रखडलं की वर्षाच्या मध्येच सोडून जातो. सोबत शाळेतले एक कायम शिक्षक पहिल्या दिवसापासून जोडून ठेवा, म्हणजे किल्ली कुठे आहे आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण कधी दाबायचं हे निदान दोघांना माहीत असतं.