साताऱ्यातली एखादी खरी घडलेली पण गूढ राहिलेली गोष्ट कोणती?

माझ्या मते रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ ला गादीवरनं काढलं, मग हा माणूस त्यांची केस घेऊन लंडनला गेला आणि जवळजवळ १४ वर्षं तिथं भांडत बसला, हाती काही लागलं नाही. परत आल्यावर १८५७ चा कट केला, तो फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्यातल्या गेंडामाळावर १७ जणांना मारलं, ५ फाशी, ६ तोफेच्या तोंडी, ६ गोळ्या घालून. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीतारामपण होता.

आणि स्वतः रंगो बापूजी? गायब. इंग्रजांनी इतकं शोधलं पण शेवटपर्यंत सापडलेच नाहीत, कुठं गेले, कसे वारले, काहीच पत्ता नाही. भुताखेतापेक्षा मला हेच जास्त अंगावर येतं राव.

आमची आजी मात्र गेंडामाळाचं नाव काढलं की "तिन्हीसांजेला तिकडं फिरकायचं न्हाई" एवढंच म्हणायची, कारण विचारलं की पदर तोंडाला लावून गप्प. साताऱ्यात 'चार भिंती' नावाच्या ठिकाणी १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, तिथं रोज संध्याकाळी पोरं सेल्फी काढत कणसं खात बसलेली असतात, पाटी कोण वाचतंय.