वाचकांचे प्रश्न : जीटीके ३ वरून ४ वर जायचं का?

प्रश्न : आमच्या प्रिंटिंग प्रेससाठी मी पायथनमध्ये बिलिंगचं ॲप बनवलंय, जीटीके ३ (ॲपच्या खिडक्या, बटणं वगैरे बनवायचं टूलकिट) वापरून, मस्त चाललंय. आता जिथेतिथे जीटीके ४ चं ऐकतोय म्हणून कोडमध्ये वरची व्हर्जनची ओळ बदलून ४.० केली तर ॲप उघडेचना, एरर संपतच नाहीत. एवढं काय बदललंय? आणि बदलायलाच हवं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नुसती ओळ बदलून भागणार नाही हो. ३.० आलं २०११ मध्ये आणि ४.० आलं डिसेंबर २०२० मध्ये, मधल्या काळात साचलेलं जुनं सामान जीटीकेवाल्यांनी एका झटक्यात काढून टाकलं. शो-ऑल गेलं कारण विजेट (बटणं, रकाने असे खिडकीतले भाग) आता मुळातच दिसतात, दुसऱ्या विजेटना पोटात घेणारा कंटेनर क्लास गेला म्हणून बॉक्सला ॲडऐवजी अपेंड आणि विंडोला सेट-चाइल्ड, जुना मेनूबारही गेला, त्याजागी पॉपओव्हरवाला. हे सगळं कंटाळवाणं आहे पण अवघड नाही.

घाम फुटतो तो डायलॉगला, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या छोट्या खिडकीला. आधी 'बिल डिलीट करू का?' विचारून रन म्हटलं की कोड तिथेच थांबायचा, हो-नाही आलं की मग पुढची ओळ. आता रन नाहीच, उत्तर कॉलबॅकमध्ये (बटण दाबल्यावर जीटीके जे फंक्शन बोलावतं त्यात) येतं, म्हणजे पुढचा कोड उचलून त्या फंक्शनमध्ये न्यायचा, आणि तो न्यायचा राहिला तर गिऱ्हाईक 'नाही' म्हणायच्या आत बिल उडालेलं असतं!

मग मिळतं काय? तुमच्यासारख्याला माझ्या मते एकच गोष्ट, पण ती दणदणीत आहे : याद्या. यादी दाखवणाऱ्या जुन्या ट्रीव्ह्यूत ओळीच्या आत खरं बटण बसवता यायचं नाही, लिस्टबॉक्समध्ये यायचं पण हजारो बिलं झाली की हजारो विजेट. नवं कॉलमव्ह्यू स्क्रीनवर दिसतील साधारण तेवढ्याच ओळींची विजेट बनवतं आणि स्क्रोल केलं की तीच फिरवून वापरतं. सेटअपमध्ये विजेट बनवायचं, बाइंडमध्ये डेटा भरायचा. आता इथली गंमत बघा, बटणाचा क्लिक सिग्नल बाइंडमध्ये जोडला आणि अनबाइंडमध्ये तोडला नाही, तर ओळ फिरून येईल तसा तो परत परत जोडला जातो आणि एका क्लिकवर चार बिलं प्रिंट होतात.

घाई मात्र करू नका. जीटीके ३ च्या शेवटच्या मालिकेत, ३.२४ मध्ये, दुरुस्त्या अजून येतायत. चित्रं एडिट करायच्या ज्या गिंपसाठी हे टूलकिट जन्माला आलं तो गिंपच जीटीके २ वरून ३ वर आला मार्च २०२५ मध्ये! जायचंच असेल तर आधी ३ मध्ये राहूनच डेप्रिकेटेडच्या (पुढे काढून टाकणार असलेल्या गोष्टींच्या) सगळ्या वॉर्निंग संपवा, मग उडी मारा, कारण एका प्रोसेसमध्ये ३ आणि ४ दोन्ही लोड होत नाहीत, अर्धं आज अर्धं उद्या असं जमत नाही. नवीन ॲप असेल तर सरळ ४.

प्रश्न : सिस्टिम अपडेट केल्यापासून जुन्या लॅपटॉपवर जीटीके ४ ची ॲप्स काळी नाहीतर फाटल्यासारखी दिसतात, बाकी सगळं ठीक आहे. लॅपटॉप गेला का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : लॅपटॉपला नावं ठेवू नका, बहुतेक ग्राफिक्स ड्रायव्हरचं दुखणं आहे. ४.१४ पासून चित्र काढायचं इंजिन नवं आलं आणि ४.१६ मध्ये वेलँडवर (लिनक्सची नवी डिस्प्ले पद्धत) व्हल्कन (ग्राफिक्स चिपशी बोलायची नवी पद्धत) डिफॉल्ट झालं, जुन्या चिपला ते झेपत नाही कधीकधी. जीएसके-रेंडरर नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे (मध्ये अंडरस्कोर, सगळी कॅपिटल अक्षरं), त्यात जीएल (ओपनजीएल, जुनी पद्धत) टाकून ॲप उघडून बघा. तरी नाही जमलं तर कैरो टाका, ते सगळं काम सीपीयूवर करतं म्हणून स्क्रोलिंग जड होईल, पण दिसेल नीट. मेसा (लिनक्सचे ग्राफिक्स ड्रायव्हर) अपडेट करून बघायला विसरू नका.

प्रश्न : क्लायंटला विकायचं सॉफ्टवेअर जीटीकेत केलं तर सोर्स द्यावा लागतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा नाही. लायसन्स एलजीपीएल (लायब्रऱ्यांसाठीचं सैलसर मुक्त लायसन्स) आहे, डायनॅमिक लिंक करा (जीटीके ॲपमध्ये मिसळून न टाकता वेगळी फाइल म्हणून ठेवा), लायसन्सची प्रत सोबत द्या, फी वगैरे काही नाही. खुद्द जीटीके ॲपसोबत देत असाल तर तिचा सोर्स मात्र उपलब्ध करून द्यावा लागेल, तिच्या कोडमध्ये हात घातलात तर त्या बदलांसकट.